तूप, दूध पावडर आणि संत्रा बर्फीतलं शिसं : निर्यातीआधीच्या चाचणीच्या नोंदी

५ फेब्रुवारी

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका डेअरीचं काम आज घेतलं. माल दुबईला जायचा आहे. गायीचं तूप, फुल क्रीम दूध पावडर आणि संत्रा बर्फी. खरेदीदाराला शिसं, कॅडमियम, आर्सेनिक आणि पारा या चारांचे आकडे हवेत. निर्यातीचं आरोग्य प्रमाणपत्र देणं हे निर्यात निरीक्षण यंत्रणेचं काम. आमची तपासणी त्याच्या आधीची, माल कंटेनरमध्ये चढण्यापूर्वी आपलं घर आपणच झाडून घ्यावं म्हणून केलेली.

मालकांनी, ज्यांना आम्ही भाऊ म्हणतो, विचारलं, "मॅडम, किती दिवस लागतीन?" मी पंधरा दिवस सांगितले. तसं सांगायला नको होतं. आयसीपी-एमएस, म्हणजे धातूंचं अगदी सूक्ष्म प्रमाण मोजणारं मशीन, आमच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं आहे, पण त्यावर आजवर पाणी आणि मसालेच केले. तूप कधी केलं नव्हतं.

मर्यादा आधीच कागदावर उतरवून घेतल्या, हे मात्र बरं झालं. कोडेक्समध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न मानकांत, दुधातल्या शिशाची मर्यादा किलोला ०.०२ मिलिग्रॅम आहे. युरोपच्या २०२३ च्या नियमात दुधाला तीच आणि दुधाच्या स्निग्धांशाला ०.१०. खरेदीदाराच्या करारात तूप आणि बर्फी दोन्हींना ०.१० आहे. पावडरसाठी आकडाच नव्हता. साधारण आठ किलो दुधाची एक किलो पावडर होते, म्हणून ०.०२ ला आठने गुणून ०.१६ धरायचं, हे खरेदीदाराकडून ईमेलवर लिहून घेतलं. तोंडी ठरवलं असतं तर पुढे वाद झाला असता.

७ फेब्रुवारी

नमुने आले आणि परत पाठवले. तूप चटणीच्या जुन्या बरणीत होतं. पावडर वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातलेली. बर्फी छापील रंगीत खोक्यात, खोक्याच्या रंगाला चिकटलेली. तिन्हींवर काही करण्यात अर्थ नव्हता. पॉलिप्रोपिलीनच्या बरण्या दहा टक्के नायट्रिक ॲसिडात रात्रभर ठेवून, शुद्ध पाण्याने धुऊन, झाकणं लावून पाठवल्या. कुठून, कसा नमुना घ्यायचा ते फोनवर सांगितलं. खरं तर मी स्वतः जायला हवं होतं. त्या आळसाची किंमत मार्चमध्ये मोजावी लागली.

प्रमाणित संदर्भ पदार्थही, म्हणजे ज्यातलं शिसं आधीच नक्की ठाऊक असतं आणि ज्यावर आपली पद्धत पारखता येते तो, आजच मागवला, ईआरएम-बीडी१५० आणि बीडी१५१, दोन्ही स्किम्ड दूध पावडर. पहिल्यात शिसं किलोला ०.०१९ मिलिग्रॅम, दुसऱ्यात ०.२०७. दोन बाटल्यांना सगळं धरून ५८ हजार. आठ आठवडे लागतील असं पुरवठादार म्हणाला. हे काम कुणी सुरू करणार असेल तर पहिल्या दिवशी आधी ही ऑर्डर द्या, बाकी सगळं नंतर.

१२ फेब्रुवारी

पहिलं डायजेशन, म्हणजे नमुना ॲसिडात पूर्ण विरघळवणं. पाण्याच्या सवयीने तूप अर्धा ग्रॅम घेतलं, पाच मिली नायट्रिक, एक मिली हायड्रोजन पेरॉक्साइड, झाकण बंद, मायक्रोवेव्हमध्ये २०० अंश. दीडशेच्या आसपास बारापैकी तीन व्हेसलनी (बंद भांड्यांनी) दाब सोडला. खोलीत तपकिरी धूर झाला, एक्झॉस्ट लावून आम्ही बाहेर पडलो. तिन्ही नमुने गेले. उरलेल्यांत पाणी घातल्यावर वर चरबीचे बारीक थेंब तरंगले, म्हणजे तेही कच्चेच.

तुपात सगळी चरबीच, ॲसिडाशी तिचा जोर फार. आता पाव ग्रॅमच घ्यायचं. तूप थंडीत कणीदार असतं, वरचं वेगळं नि तळाचं वेगळं, म्हणून आधी पन्नास अंशांवर वितळवून नीट हलवायचं. ॲसिड घातल्यावर झाकण सैल ठेवून फ्यूम हूडमध्ये तासभर ९० अंशांच्या हॉट प्लेटवर फेस बसू द्यायचा, मग बंद करायचं. तापमान वीस मिनिटांत सावकाश चढवायचं आणि वीस मिनिटं टिकवायचं.

१५ फेब्रुवारी

पाव ग्रॅमने डायजेशन स्वच्छ झालं. पाण्यासारखं पारदर्शक. आनंदाने मशीनवर लावलं आणि ब्लँकने तो आनंद संपवला.

हिशोब असा. पाव ग्रॅम तूप २५ मिलीत म्हणजे शंभरपट पातळ. ०.१० ची मर्यादा द्रावणात लिटरला १ मायक्रोग्रॅम होते. आणि तूप न घालता नुसतं ॲसिड-पाणी चालवलं त्या ब्लँकमध्ये शिसं होतं ०.५२. म्हणजे मर्यादेच्या निम्मं शिसं आमच्याच खोलीतलं. या अवस्थेत एखाद्याच्या तुपाला दोष देण्याचा मला काही अधिकार नव्हता.

१६ ते २४ फेब्रुवारी

नऊ दिवस ब्लँकच्या मागे गेले. रोज एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुन्हेगार कोण ते कळत नाही, हे मी मसाल्यांच्या कामात शिकले होते.

पाणी : अतिशुद्ध, १८.२ मेगओहमचं, ताजं काढून. फरक नाही.

नायट्रिक ॲसिड : नेहमीचं ॲनालिटिकल ग्रेड सोडून ट्रेस मेटल ग्रेडची बाटली घेतली. किंमत सहापट. ब्लँक ०.३३ वर आला.

काचेचे व्हॉल्यूमेट्रिक फ्लास्क : इथं खरी गोष्ट होती. हेच फ्लास्क वर्षभर मसाल्यांसाठी वापरले होते आणि काच शिसं धरून ठेवते, ॲसिडात थोडं थोडं सोडत राहते. फ्लास्क बंद करून थेट ५० मिलीच्या पॉलिप्रोपिलीन ट्यूबमध्ये वजनावर पातळ केलं. ब्लँक ०.०९.

मायक्रोवेव्हची व्हेसल : आत नुसतं ॲसिड घालून दोनदा पूर्ण चक्र चालवलं. ०.०५.

हातमोजे पावडर नसलेले आणि पिवळ्या टिप्सऐवजी बिनरंगी टिप्स. ०.०४ वर येऊन थांबला. दहा ब्लँकमधला चढउतार ०.००६ चा. त्याच्या दहापट धरली तर तुपात किलोला ०.००६ मिलिग्रॅमपर्यंत विश्वासाने सांगता येतं. एवढं पुरे.

या नऊ दिवसांत सात आरगॉन सिलिंडर संपले. मशीन मिनिटाला सतरा-अठरा लिटर आरगॉन पितं, सात घनमीटरचा सिलिंडर साडेसहा तास कसाबसा पुरतो. काम घेताना हा खर्च दरात धरायचा राहून गेला.

२८ फेब्रुवारी

रिकव्हरी पाहिली. तुपात ठरावीक शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा मिसळून किती परत मिळतं ते. चारही ९७ ते १०२ टक्के. सहायकाने तक्ता भिंतीवर लावला. रात्री घरी गेल्यावर लक्षात आलं की स्पाइक, म्हणजे ही मिसळायची ठरावीक मात्रा, मी डायजेशननंतर घातला होता. नुकसान होतं ते डायजेशनमध्ये, आणि मी त्याच्यानंतर मोजत होते. तक्ता सकाळी काढला.

डायजेशनच्या आधी स्पाइक घालून पुन्हा केलं. शिसं ९४, कॅडमियम ९६, आर्सेनिक ११८, पारा ५७.

पारा उडाला तो सैल झाकणाच्या हॉट प्लेटवर. फेस बसवायला तापवायची गरजच नव्हती. आता ॲसिड घालून रात्रभर थंडच ठेवायचं, झाकण टेकवून. शिवाय पारा नळीच्या भिंतींना चिकटून पुढच्या नमुन्यात उतरतो, म्हणून सगळ्या द्रावणांत आणि धुण्याच्या पाण्यातही सोन्याचं स्टँडर्ड २०० पीपीबी (लिटरला २०० मायक्रोग्रॅम). दुसऱ्या खेपेला पारा ९१.

आर्सेनिक जास्त येण्याची दोन कारणं होती. बर्फी-पावडरमध्ये क्लोराइड असतं. ते आरगॉनशी जुळून ७५ वस्तुमानाचा कण बनतो आणि मशीनला तो आर्सेनिकच वाटतो. त्यावर उपाय हीलियमचा कोलिजन (टक्कर) मोड, ज्यात हीलियमवर आदळून तो कण मागे पडतो. पण शुद्ध तुपात क्लोराइड कुठलं? तिथं कारण उरलेला कार्बन. डायजेशन कितीही स्वच्छ दिसलं तरी थोडा कार्बन राहतो आणि आर्सेनिकचा सिग्नल फुगवतो. स्टँडर्ड आणि नमुना दोन्हींत सारखंच थोडं आयसोप्रोपेनॉल घातल्यावर १०३ वर आलं.

४ मार्च

पंधरा दिवस कधीच उलटले. भाऊंना फोन करून खरं ते सांगितलं. कंटेनरचं बुकिंग एप्रिलमध्ये ढकललं त्यांनी, कुरकुर न करता. पहिले खरे आकडे आले, शिशाचे, किलोला मिलिग्रॅममध्ये :

पावडरचे चार लॉट, सगळे ०.०३ च्या खाली. मर्यादा ०.१६. विषय संपला.

तुपाचे पाच लॉट. चार ०.०२ च्या खाली, एक ०.१३.

बर्फीचे तीन ट्रे. ०.२२, ०.२४, ०.२१.

कॅडमियम, आर्सेनिक, पारा तिन्ही मालांत नगण्य.

७ मार्च

बर्फी आणि तूप दोन्ही मर्यादेबाहेर निघाले म्हटल्यावर डेअरीत सगळ्यांनी कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांकडे बोट दाखवलं. तिकडच्या गावांतून थोडं दूध येतं, राख चाऱ्यावर बसते, तीच दुधात उतरली असणार. मला ते पटलं नाही. दुधातलं शिसं मुख्यतः केसीनला, म्हणजे प्रथिनाला धरून असतं, चरबीत फार थोडं जातं. चाऱ्यातून आलं असतं तर आधी पावडरमध्ये दिसलं असतं आणि तूप सगळ्यात स्वच्छ राहिलं असतं. आमचं चित्र नेमकं उलटं. तरी त्या गावांच्या कॅनमधले सहा नमुने केले, एक ग्रॅम दूध २५ मिलीत. सहाही ०.०१ च्या खाली. गवळ्यांवरचा संशय तिथंच मिटला, आणि तो कागदावर मिटला याचं मला समाधान आहे. सहा घरांचं दूध नुसत्या बोलण्यावर बंद झालं असतं.

११ मार्च

बर्फी. संशय खव्याच्या पितळी पातेल्यांवर होता. कल्हईच्या कथलात शिसं मिसळलेलं असू शकतं हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मी तिथंच अडकले. तीन दिवस पातेली, खवा, खरवड यांवर घालवले. खवा स्वच्छ निघाला. खरवडही. पितळी पातेली गेल्या दिवाळीतच बंद झाली होती, खवा आता स्टीलच्या कढईत होतो. मी आधी विचारलं असतं तर तीन दिवस वाचले असते.

मग एकाच ट्रेची बर्फी वर्खासह आणि वर्ख लावायच्या आधीची अशी वेगळी केली. वर्खासह ०.२४. वर्खाविना ०.०२.

कागदावर हिशोब केला. एक तुकडा २५ ग्रॅमचा, वरची बाजू तीन बाय तीन सेंटिमीटर. वर्खाची नऊ पानं एकत्र तोलून एका तुकड्यावर साधारण १.४ मिलिग्रॅम चांदी निघते. २५ ग्रॅममध्ये ०.२२ जादा म्हणजे साडेपाच मायक्रोग्रॅम शिसं. म्हणजे वर्खात शिसं ०.४ टक्के हवं. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत वर्खाची चांदी ९९.९ टक्के शुद्ध लागते. सगळी मिळून अशुद्धीच ०.१ टक्क्याच्या आत राहिली पाहिजे, मग एकटं शिसं ०.४ कसं बसेल?

१४ मार्च

नुसता वर्ख विरघळवून शिसं मोजलं. ०.३८ टक्के. हिशोबाशी जुळलं.

पण त्याआधी एक दिवस वाया गेला. पारा टिकावा म्हणून सहायकाने सवयीने हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब घातले. द्रावण दुधासारखं पांढरं झालं. चांदीचं क्लोराइड. तसंच मशीनवर गेलं आणि नेब्युलायझर (द्रावणाचा फवारा करणारा भाग) बुजला. अमोनियाने धुऊन, पाण्याने फिरवून संध्याकाळी मोकळा केला. त्याला रागावले नाही, कारण बाटलीवर चांदी असल्याचं मी लिहिलं नव्हतं. चांदी असलेल्या कुठल्याही नमुन्यात हायड्रोक्लोरिक नको. सोन्यावरच भागवायचं.

भाऊंनी वर्खवाल्याकडे शुद्धतेचा कागद मागितला. कागद होता, दोन वर्षांपूर्वीच्या एका पुडक्याचा.

२० मार्च

ब्लँक एकाएकी ०.३१. काल ०.०४ होता. ॲसिड, पाणी, ट्यूब सगळं तेच. दोन फेऱ्या, चोवीस व्हेसलमधली द्रावणं फेकून दिली. दुपारी तयारीच्या खोलीत शिरले आणि गार वारा लागला. एसी बंद पडला होता म्हणून खिडकीत कूलर बसवला होता. बाहेर चाळीसच्या वर पारा. तिथं काम करणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, कूलर नाही लावला तं आत बसनं होत नाही." त्याचंही खरं होतं. पण कूलर म्हणजे रस्त्यावरची सगळी धूळ ओल्या गवतातून आत ओढणारा पंखा, आणि आमच्या व्हेसल उघड्या.

कूलर काढला. खोली वरपासून खालपर्यंत ओल्या फडक्याने पुसली, एसी दुरुस्त होईपर्यंत तयारीचं काम सकाळी सहा ते नऊ. व्हेसल उघडी राहते तेवढा वेळ वर ॲक्रिलिकचं खोकं. दुसऱ्या दिवशी ब्लँक ०.०४.

विदर्भात हे काम करणाऱ्यांनी फेब्रुवारी संपायच्या आत एसी तपासून घ्यावा.

२२ मार्च

तुपाचा ०.१३ चा लॉट. या वेळी स्वतः हिंगण्याला गेले, बरण्या घेऊन. लोण्यापासून डब्यापर्यंत प्रत्येक टप्प्यावर नमुना. लोणी, कढईतलं गरम तूप, सेटलिंग टाकीच्या वरून काढलेलं, टाकीच्या कॉकमधून (तोटीतून) आलेलं पहिलं, वीस लिटर सोडल्यानंतरचं, आणि भरलेले डबे.

टाकी स्टीलची, पाइप स्टीलचे, आणि तळाशी कॉक पितळी. सगळी टाकी फिरून पाहिल्यावर मी तिथं पोहोचले. पितळ यंत्रावर सहज कापलं जावं म्हणून त्यात दोन-तीन टक्के शिसं घालतात. तूप रात्रभर त्या कॉकच्या पोटात बसून राहतं, त्यातली फॅटी ॲसिडं पितळाला लागतात, आणि सकाळी कॉक उघडला की पहिली धार तेच घेऊन येते.

२६ मार्च

आकडे : लोणी ०.०१ च्या खाली, कढई ०.०१, टाकीच्या वरचं ०.०१, कॉकची पहिली धार ०.१९, वीस लिटरनंतर ०.०२.

डब्यांमध्ये पहिला ०.१४, दुसरा ०.०४, तिसऱ्यापासून पुढे ०.०२ च्या आत.

म्हणजे लॉट वाईट नव्हता, पहिला डबा वाईट होता. आणि फेब्रुवारीत मी फोनवर "कॉकमधून घ्या" एवढंच सांगितलं होतं, म्हणून त्यांनी सकाळची पहिली धार बरणीत धरली. मीच त्या लॉटला नापास करणारा नमुना मागवला होता. पण तो तसा आला नसता तर कॉक सापडलाही नसता, आणि रोजचा पहिला डबा कुणाच्या तरी घरी जात राहिला असता. भाऊंना हे कळल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "मॅडम, पहिले डबे आपन इथंच इतवारीत विकत होतो, त्याचं काय करू?" दुकानांत उरलेले त्या टाकीचे पहिले डबे त्यांनी संध्याकाळपर्यंत परत मागवले. अकरा मिळाले.

काल धुळवड होती. केसांत रंग घेऊन आलेल्या मुलाला आज तयारीच्या खोलीत घेतलं नाही, नोंदी लिहायला बसवलं.

३ एप्रिल

संदर्भ पदार्थ आले. बीडी१५० मध्ये शिसं ०.०१८, बीडी१५१ मध्ये ०.१९७. दुसरा आकडा जरा खाली वाटला. प्रमाणपत्र पुन्हा वाचलं, मूल्यं कोरड्या वजनावर दिली आहेत आणि मी पावडर बाटलीतून तशीच तोलली होती. वेगळ्या भागाचा ओलावा काढला, चार टक्के. तो धरून ०.२०५. आता पद्धतीवर सही करायला हात कचरत नाही.

डेअरीत कॉक बदलला. ३१६ स्टीलचा बॉल व्हॉल्व्ह, २,८०० रुपये. टाकी दोन रात्री भरून ठेवून सकाळची पहिली धार केली. ०.०१ च्या खाली, दोन्ही दिवशी.

८ एप्रिल

रिपोर्ट दिले. तुपाचे पाच लॉट, त्या एका लॉटमधले पहिले दोन डबे बाजूला काढून. पावडरचे चार. बर्फी वर्खाविना, वर पिस्त्याचे काप लावून, तीन ट्रे ०.०२ च्या आसपास. खरेदीदाराने बर्फीचा फोटो बदलून घेतला, हरकत घेतली नाही.

खर्च, कुणाला अंदाज यावा म्हणून : आरगॉन-हीलियम ६१ हजार, संदर्भ पदार्थ ५८ हजार, ॲसिड आणि प्लॅस्टिकचं सामान ३४ हजार, नेब्युलायझरची दुरुस्ती आणि सील ९ हजार. ठरलेल्या दरात यातला निम्माही निघाला नाही. पद्धत आता हातात आहे, पुढचं काम अकरा दिवसांत होईल असं धरते आणि भाऊंना वीस सांगते.

नव्या वर्खवाल्याचं पुडकं आलं आहे. त्यातली नऊ पानं आज संध्याकाळी ॲसिडात ठेवली. बाटलीवर मोठ्या अक्षरांत "चांदी" लिहिलं आहे.